काडेपेटीतला खडा

माझे वडील शेवटच्या आजारात कुणीतरी आधी खाल्ल्याशिवाय घास तोंडात घालत नसत. कुणीतरी म्हणजे एकच माणूस, त्यांची थोरली बहीण. ती ताट घेऊन यायची, कॉटशेजारच्या स्टुलावर ठेवायची आणि वडील म्हणायचे, "आधी तू खाय." मग ती भाकरीचा तुकडा मोडायची, भाजीला लावून खायची, वर पाण्याचा घोट घ्यायची आणि हात पदराला पुसून उभी राहायची. वडील तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबायचे. हिला काही होत नाही अशी खात्री पटली की मगच ताट पुढे ओढायचे.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू, गावही नानाच म्हणे. त्यांच्या बहिणीला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायची. नरडाण्याच्या पलीकडे आमचं गाव, तिथे नानांची शेती. अक्काचे यजमान वरणगावला कारखान्यात होते. ते गेल्यावर ती जळगावात दोन खोल्या घेऊन त्यांच्या पेन्शनवर राहू लागली. तिला मूलबाळ नव्हतं.

माझी दहावी झाली तेव्हा मला घरी बसवायचं ठरलं होतं. अक्का आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आली होती. जाताना ती माझी पत्र्याची पेटी आपल्या सामानात घालून गेली आणि आठवड्याने मला न्यायला परत आली. नाना म्हणाले, "पोरीनी जात, कितलं शिकाडशी?" अक्का म्हणाली, "तिले थांबावसं वाटी तठलोंग." तिला थांबावंसं वाटेल तोवर. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिली. त्या पदवीतला निम्मा भाग अक्काच्या स्टोव्हवर शिजला आहे, हे मी कुणालाही सांगते. म्हणूनच पुढचं सगळं लिहिताना मला सांभाळून लिहावं लागतं. ज्या बाईच्या हातचं खाऊन मी वाढले, तिच्या हाताकडे घरातली माणसं कशी बघत होती आणि काही दिवस मीही कशी बघत होते, ते यात आहे.

सुरुवात फार आधीची. मी सातवीत असताना नानांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. त्यांनी स्वतःच निदान केलं, उन्हाळी लागली, आणि धने-जिऱ्याचं पाणी पीत राहिले. लाल पाणी थांबलं, पुन्हा आलं. मग धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि मुंबईला न्या म्हणून सांगितलं. तेव्हा अक्काचे यजमान हयात होते. त्यांनी रजा काढली आणि ते दोघे नानांना मुंबईला घेऊन गेले. मला आणि गुरांना टाकून मायला जाता आलं नाही. आपल्या नवऱ्याचं पोट आपल्या पाठीमागे फाडलं गेलं, हे ती कधी विसरली नाही.

नाना परत आले ते एक मूत्रपिंड गमावून. पाठीपासून पोटापर्यंत आलेला व्रण ते सदरा वर करून येईल त्याला दाखवत. मुतखडा फार मोठा होता, त्याने एक किडनी कुजवली, म्हणून ती काढावी लागली, असं अक्काच्या यजमानांनी सांगितलं. गावाने ते मान्य केलं. आमच्याकडचं पाणी जड, मुतखडा कुणाला नवा नव्हता. फक्त एक अडचण झाली.

आमच्या गावात ज्याचा खडा निघे, तो खडा जपून ठेवण्याची रीत होती. काडेपेटीत कापूस घालायचा, त्यावर खडा ठेवायचा आणि चार माणसं बसली असतील तिथे पेटी उघडायची. खडा हातोहात फिरे. कुणाचा हरभऱ्याएवढा, कुणाचा बोराएवढा. ज्याचा मोठा, त्याला बसायला घोंगडी मिळे. नानांचं ऑपरेशन गावात सर्वांत मोठं, आणि त्यांच्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं.

"नाना, किडनीबी गई नि खडाबी गया? तुमनी तं दोन्हीकडथून लूट व्हयनी!"

"डॉक्टरनी किडनी इकी टाकी व्हई. खडा तरी मांगी लेवाना व्हता!"

लोक हसत. नाना हसत नसत. ते मुळातच संशयी. तुपाच्या बरणीवर कोळशाने रेघ ओढून ठेवत, कडब्याच्या पेंढ्या रोज संध्याकाळी नजरेने मोजत, बैल विकत घेताना त्याचं तोंड उघडून बघत आणि विकणाऱ्याचंही बघितलं असतं. त्यांनी अक्काला विचारलं, "अक्का, मना खडा कोठे शे?" ती म्हणाली, डॉक्टरकडे राहिला. पुढच्या भेटीत पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या भेटीतही विचारलं. मग एकदा अक्का आली ती काडेपेटी घेऊनच. कापसावर तपकिरी, बोराएवढा खडा. मुंबईच्या डॉक्टरकडून कुणाच्या तरी हाती मागवला, असं तिने सांगितलं. नानांनी तो दिवसभर गावात फिरवला. रात्री पेटी देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात गेली ती तिथेच राहिली. सणावाराला तिच्यावरची धूळ झटकली जाई.

त्यानंतरच्या वर्षांत अक्का जेव्हा जेव्हा गावी येई, तेव्हा नानांना दोन प्रश्न विचारी. आल्या आल्या, पाय धुवायच्याही आधी. "भाऊ, खोकला शे का तुले? हाडं दुखतस का?" नाना म्हणत, "नही व माय, धडधाकट शे." मग ती त्यांच्या पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवी. मायला हे आवडत नसे. एकदा ती मला म्हणाली, "तुझी अक्का येते ती आजार शोधायलाच येते. एखाद्या दिवशी सापडेल तिला."

सापडला. माझं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात.

आखाजी हा आमच्या खान्देशातला सर्वांत मोठा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावर मोठे मोठे मांडे भाजले जातात, सोबत आमरस. आमच्या घरात एक जास्तीची रीत होती. त्या दिवशी घरच्या पुरुषाला पहिला घास माहेरी आलेल्या बहिणीने भरवायचा. त्या आखाजीलाही अक्काने मांड्याचा तुकडा रसात बुडवून नानांच्या तोंडात घातला. मी समोर होते. नाना गमतीने तिचं बोट चावल्यासारखं करत, तसं त्यांनी त्या दिवशीही केलं.

आठ-दहा दिवसांत नानांना शेतात चक्कर आली. तोंड पिवळं पडलं होतं. विचारल्यावर त्यांनी कबूल केलं की शौचाला काळं होतंय, डांबरासारखं, चिकट. धुळ्याच्या डॉक्टरांनी पोटात अल्सर आहे म्हणून सांगितलं, पांढरं पातळ औषध दिलं, तिखट बंद केलं, रक्ताची बाटली चढवली. नाना जरा उजळले आणि पुन्हा पिवळे पडले. पुन्हा रक्त. हे दोन-तीनदा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, अल्सर ऐकत नसेल तर पोट उघडावं लागेल.

तोवर गावात दुसरंच निदान झालं होतं. शेजारची एक म्हातारी मायला म्हणाली, "आखाजीपासूनच ना? त्या दिवशी पहिला घास कोणाच्या हातचा?" एवढंच. पुढचं मायने स्वतः जुळवलं. पोटी पोर नाही. आपली पोर आधीच नेली, आणि ती पोर आता सुट्टीतही तिचंच नाव घेते. वर्षानुवर्षं विचारत होती, खोकला आहे का, हाडं दुखतात का. ज्याला काही झालेलंच नाही त्याला असं कोण विचारतं? ज्याला होणार आहे हे ठाऊक असतं, तोच.

मायने नानांना साक्रीकडच्या एका भगताकडे नेलं. पोटात घातलेलं ओढून काढण्यात त्याची ख्याती होती. त्याने नानांच्या पोटाला नळी लावली, तोंडाने ओढलं आणि पानावर काळा चिकट गोळा थुंकला. वर म्हणाला, "घरच्याच बाईचं काम आहे. जी काळजी जास्त करते तिच्यावर नजर ठेवा." हे मला मायनेच सांगितलं. "काळा होता गोळा. त्यांच्या पोटातून जे पडतं अगदी तसाच. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

मी म्हणाले, "माय, तो त्याच्या गालात असेल आधीपासून."

"तू तिच्या घरी जेवतेस," माय म्हणाली. "तू असंच बोलणार."

धुळ्याच्याच डॉक्टरांनी जळगावच्या एका डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्यांच्याकडे पोटात घालून बघायची दुर्बीण होती. जळगावात आम्हाला दुसरं घर नव्हतं. नरडाण्याहून पॅसेंजरने आम्ही निघालो, नाना खिडकीला डोकं टेकवून आणि माय माझ्या कानाला लागून. अमळनेर येईपर्यंत तिने मला तीनदा बजावलं की स्वयंपाक तू कर, तिला स्टोव्हजवळ जाऊ देऊ नकोस. धरणगाव गेल्यावर नाना डोळे मिटूनच म्हणाले, "करू दे तिले. मी दखसू काय करानं ते."

ते काय करणार ते पहिल्याच जेवणाला कळलं. अक्काने मऊ भात आणि ताक आणून ठेवलं. नाना म्हणाले, "आधी तू खाय."

अक्काने नानांकडे पाहिलं, मग मायकडे. मग खाली बसून तिने भाताचा घास घेतला. गिळून झाल्यावर म्हणाली, "बरं शे भाऊ. सारा जलम मी तुना मांगून जेवनू. आते म्हातारपणी तरी माले पहिलं ताट भेटनं."

नाना हसले नाहीत. मायने तोंड फिरवलं. त्या दिवसापासून दोन्ही वेळा तसंच चाललं.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी होते. करणी, भानामती यांवर माझा विश्वास नव्हता. पण संशय घरात आला की तो विश्वासाची वाट बघत बसत नाही. अक्का ओट्याकडे तोंड करून भात कालवत असे, म्हणजे आमच्याकडे पाठ. इतकी वर्षं तशीच कालवत होती, पण आता मला ती पाठ दिसायला लागली. तिने डबा उघडला की कोणता उघडला ते मी बघायची. आणि एक गोष्ट खरोखरच विचित्र होती. नाना सकाळी मोरीपलीकडच्या संडासातून बाहेर आले की पाणी ओतायच्या आधी अक्का आत जाऊन येई. काही आणायला नाही, ठेवायला नाही. नुसती बघून येई. मायनेही ते पाहिलं होतं.

"काय बघते ती तिथं?" माय मला म्हणाली. "आपलं केलेलं लागू पडलं की नाही, तेच बघते."



दुर्बीण घालायच्या आधी जळगावच्या डॉक्टरांनी नानांना सगळं विचारलं. ते शांत, हळू बोलणारे गृहस्थ होते. नानांनी सदरा वर करून व्रण दाखवला.

"हे कशाचं ऑपरेशन?"

"मुतखड्याचं. किडनी काढली." नाना शहरातल्या माणसाशी शहरातलं बोलत.

"मुतखड्याचंच? कागद आहेत का तेव्हाचे?"

"कागद कशाला? खडाच आहे." आणि नानांनी बंडीच्या खिशातून काडेपेटी काढली. ती त्यांनी गावाहून बरोबर आणली होती हे मला तेव्हा कळलं. एवढ्या आजारातही त्यांच्या चेहऱ्यावर थोडी ऐट आली.

डॉक्टरांनी खडा खिडकीच्या उजेडात धरला. अंगठ्याच्या नखाने एकदा घासला. उलटा करून पुन्हा घासला. "चांगला जपलाय," असं म्हणून कापसावर ठेवून दिला. मग दुर्बिणीने तपासणी झाली. नाना बाहेरच्या बाकावर मायच्या खांद्यावर डोकं टेकून बसले आणि डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"तू शिकतेस ना? मग नीट ऐक. आत जे दिसलं ते अल्सर नाही. आतड्याच्या तोंडाशी गाठ आहे आणि तिच्यातून रक्त येतंय. मी तिचा तुकडा मुंबईला तपासायला पाठवतोय. पण तपासणाऱ्याला जुनी हकीकत कळली नाही, तर तो दुसरंच काही समजून बसेल." मग त्यांनी विचारलं, "तो खडा कुणी दिला?"

"अक्काने. आत्याने."

"तो मुतखडा नाही. नदीतला गोटा आहे. त्याच्या पोटातून पांढरी शीर गेलेली आहे, दगडाला असते तशी. ज्या बाईने तो दिला, तिला खरं ऑपरेशन कशाचं झालं ते माहीत असणार. तिला घेऊन ये."

अक्काचं घर तिथून लांब नव्हतं. त्या चालण्यात मी मायचं म्हणणं पहिल्यांदा पूर्ण मानलं. जी बाई खडा खोटा देते, तिचं खरं काय आहे? अक्का मेथी निवडत बसली होती. मी चप्पल न काढताच म्हणाले, "अक्का, नानांचा खडा कुठला?"

तिने मेथीची काडी खाली ठेवली.

"डॉक्टर म्हणतात नदीतला आहे."

"तापीतला," अक्का म्हणाली. "त्याला काही दाखवायला हवं होतं गं. गावात हसत होते त्याला."

मग तिने सांगितलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला आणि तिच्या यजमानांना बाहेर बोलावून सांगितलं होतं की खडाबिडा काही नाही, मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ होती. पूर्ण काढली आहे. आता लक्ष ठेवा, खोकला येतो का, हाडं दुखतात का. यजमान म्हणाले, भावाला कळू द्यायचं नाही, त्या नावानेच तो खाटेला खिळेल. मायलाही नको, तिच्या पोटात राहणार नाही. यजमान वारले आणि ती गोष्ट एकट्या अक्काजवळ उरली.

"आणि संडासात काय बघतेस रोज?"

"रंग," ती म्हणाली. "कमी झाला का ते."

आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. अक्काने जेवढं आठवत होतं तेवढं सगळं सांगितलं. डॉक्टर लिहून घेत होते. शेवटी तिनेच विचारलं, "पण ती तर काढली होती ना, डॉक्टरसाहेब? मग पोटात कशी आली? किडनी कुठे, पोट कुठे."

"काढायच्या आधीच एखादा कण रक्तातून निसटलेला असतो," डॉक्टर म्हणाले. "तो वर्षानुवर्षं गप्प राहतो. मग कुठेतरी वाढायला लागतो. बहुतेक वेळा फुप्फुसात, हाडांत. पण कधी कधी पोटात, आतड्यातही."

"मला फुप्फुस आणि हाडं सांगितली होती," अक्का म्हणाली. "पोट नव्हतं सांगितलं." आणि मग, जणू हिशेब लागत नाही अशा आवाजात, "मी चुकीचंच विचारत राहिले."

मुंबईचा रिपोर्ट आला तो डॉक्टरांना वाटलं होतं तसाच. जुन्याच आजाराची ती गाठ होती. छातीच्या फोटोतही ठिपके दिसले. पोट उघडून उपयोग नाही, लागेल तसं रक्त देत राहू, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं.

डॉक्टरांकडून घरी येताना रस्त्यात मी म्हणाले, "अक्का, आता सांगून टाक. ते तुला काय समजतात माहीत आहे ना तुला?"

"मला काय माहीत नाही? घास मी खाते."

"मग?"

"समजू दे. माझ्यावर चिडतो तोवर बोलतो, जेवतो, लक्ष ठेवतो. ते नाव ऐकलं की भिंतीकडे तोंड करून पडेल तो. मी ओळखते त्याला. तू बोलायचं नाहीस. तुझ्या मायलाही नाही."

मी कबूल केलं. पण नानांना कमी लेखलं होतं आम्ही. तुपाच्या बरणीवर रेघ मारणारा माणूस. त्याच्यासमोर डॉक्टरांनी खड्यावर नख घासलं होतं. पांढरं औषध बंद झालं होतं. पोट उघडायची भाषा कुणी करत नव्हतं. मी जेवताना मान खाली घालत होते. ते कॉटवर पडून छताकडे बघत असत आणि आम्हाला वाटे, थकलेत. ते जुळवत होते.

एका दुपारी अक्का ताट घेऊन आली. वांग्याचं भरीत नानांच्या जिवाचं, म्हणून तिने बिनतिखटाचं केलं होतं, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. स्टुलावर जागा नव्हती. तिथे काडेपेटी उघडी ठेवलेली होती.

"अक्का, हाऊ खडा कोठला शे?"

"तुना."

"खोटं बोलू नको. डॉक्टरनी नख घासं. मी दखं."

अक्का ताट हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "तापीमधला शे."

माय ताडकन उठली. "दखा! मी सांगत नव्हते? खोटा खडा देणारी बाई काय खायला घालत असेल? आतातरी ऐका माझं!" रडतच ती अक्काकडे वळली. "तू काय यास्नी मरानी वाट दखी राह्यनी का व?"

मी अक्काकडे पाहिलं. एका वाक्याने ती सुटणार होती. ती बोलली नाही. तिच्या हातातलं ताट नुसतं थोडं कललं.

नानांनी मायला हाताने थांबवलं. "मग मना खडा कोठे शे?"

अक्काने ताट सरळ केलं.

"व्हताच नही ना?"

मग नाना माझ्याकडे वळले. "पोरी, तू शिकेल शे. माले एक सांग. मुतखडावालाले कोनी खोकला इचारस का?"

हा प्रश्न मी आजही विसरलेले नाही. मी अक्काला शब्द दिला होता. आणि प्रश्न तर सरळ होता, शाळेतल्या पोरीलाही उत्तर देता येईल असा.

"नाही, नाना," मी म्हणाले.

"हाडं इचारतस का?"

"नाही."

नाना बराच वेळ अक्काकडे बघत राहिले. नेहमीसारखे, ती घास गिळेपर्यंत बघत तसे. मग म्हणाले, "इतला वरीस तुले माहीत व्हतं."

अक्काने मान हलवली. होय की नाही, ते कळण्यासारखं नव्हतं. नानांनी ते नाव घेतलं नाही, विचारलंही नाही, आणि त्यानंतर कधीही घेतलं नाही. त्यांनी काडेपेटी मिटून उशाखाली सरकवली. स्टुलावर जागा झाली. अक्काने ताट ठेवलं आणि रोजच्यासारखी खाली वाकली, पहिला तुकडा मोडायला. नानांनी तिचा हात बाजूला केला. स्वतः भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि तिच्या तोंडापुढे धरला.

"आधी तू," ते म्हणाले.

तिने खाल्ला. त्यांचं बोट तिने चावल्यासारखं केलं नाही. तिला तेवढं भान नव्हतं.

मायला मी नंतर सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "असेल. पण भगताने काढलं ते काय होतं मग?" मी पुन्हा गालातल्या गोळ्याचं सांगितलं, तिने पुन्हा मान फिरवली. अक्काशी ती बोलू लागली, पण संडासाच्या वाटेने अक्का गेली की मायची नजर तिच्यामागे जाई. इतक्या दिवसांची नजर एका दिवसात कुठे ठेवणार?

नाना भिंतीकडे तोंड करून पडले नाहीत. अक्काचा अंदाज तेवढा चुकला. रक्त चढवायला दवाखान्यात जात, बाटलीवरचं नाव आणि गट मला मोठ्याने वाचायला लावत, थेंब नीट पडतात की नाही ते स्वतः बघत. कोणताही माणूस फार गोड बोलला की त्याच्यावर पूर्वीसारखाच संशय घेत. आणि दोन्ही वेळा, ताट आलं की, "आधी तू." घास तेच मोडत आणि तेच भरवत. बाहेरून आलेल्या माणसाला वाटे, काय विश्वास नाही या माणसाचा सख्ख्या बहिणीवर.

थंडी पडल्यावर ते म्हणाले, गावी चला. अक्काही आली. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत ते गेले, आपल्या घरात, सकाळी.

दहाव्याच्या दिवशी त्यांच्या नावाचं ताट करायचं होतं. भरीत, कळण्याची भाकरी, भात, ताक. भाऊबंद अंगणात बसलेले, भटजी घाई करत होते. ताट अक्काने वाढलं, कारण त्यांच्या आवडीचं भरीत तिलाच जमे. ती ते दोन्ही हातांत धरून अंगणात आली, पाटासमोर बसली, ताट खाली ठेवलं. आणि भाकरीचा तुकडा मोडून, भरताला लावून, तिने तोंडात घातला.

तिला कळलंच नाही. ती गिळून, हात पदराला पुसून, नेहमीसारखी वाट बघत बसली.

अंगणात एकदम गलका झाला. "अरे अरे, उष्टं झालं ना!" "नैवेद्य शे तो, अक्का!" भटजी म्हणाले, ताट बदला, दुसरं वाढून आणा. तेव्हा अक्काच्या ध्यानात आलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एक चुलता ताट उचलायला वाकला.

माय ओसरीत बायकांमध्ये बसली होती. तिथूनच तिचा आवाज आला.

"राहू द्या ते ताट," ती म्हणाली. "त्यासले असंच लागे."